नळगीरकरांची बिनतारी नस्ती

रेणुकादास नळगीरकरांनी आयुष्यात एकही वस्तू घाईने विकत घेतली नाही, हे लातूरच्या त्यांच्या कॉलनीत सगळ्यांना ठाऊक होतं. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना ते स्वतः सांगत. सरकारी कचेरीत छत्तीस वर्षं काढून ते अधीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. पण माणूस निवृत्त झाला म्हणून त्याची टिपणी निवृत्त होत नाही. घरात मिक्सर घ्यायचा असो की पायपुसणं, ते आधी फाईल उघडत. तिला ते नस्ती म्हणत. तीत गरज काय, पर्याय किती, तीन दुकानांची दरपत्रकं, तुलनात्मक तक्ता आणि शेवटी 'मान्यतेस्तव सविनय सादर' अशी टिपणी. ही टिपणी त्यांच्या पत्नी सौदामिनीबाईंपुढे जाई. त्या बहुधा पोळ्या लाटत असत. पिठाच्या बोटांनी त्या 'मान्य' असं लिहीत आणि मग रेणुकादास पिशवी घेऊन बाहेर पडत. पायपुसण्याच्या नस्तीला चार महिने लागले होते. ते पायपुसणं आजही टिकून आहे, हे मात्र कबूल करायला हवं.

यंदाच्या नस्तीचा विषय नाजूक होता. त्यांची एकुलती एक लेक मनस्विनी जर्मनीत होती आणि तिला मुलगी झाली होती. पहिलं बाळंतपण माहेरचं असतं. पण मनस्विनीला येता आलं नाही, आणि सौदामिनीबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे डॉक्टरांनी त्यांना विमान मना केलं. डिंकाचे लाडू कुरिअरने गेले. सौदामिनीबाई रोज संध्याकाळी माळ्यावरून काढलेला पाळणा पुसत राहिल्या. शेवटी मनस्विनीनेच तोड काढली. बारसं तिकडे होईल तेव्हाच इकडेही होईल. मोबाईलवर व्हिडिओ कॉल लावायचा, इकडे कॉलनीतल्या बायका जमतील, सौदामिनीबाई स्वतः रचलेला पाळणा म्हणतील. तारीख ठरली, तीन आठवड्यांनंतरचा रविवार, दुपारी चार वाजता.

"मोबाईलवर नको," सौदामिनीबाई म्हणाल्या. "त्या एवढ्याशा काचेत मला तिच्या गालावरची खळी कोणती आणि काचेवरचा ओरखडा कोणता तेच कळत नाही. पंधरा बायका काय एकमेकींच्या खांद्यावरून बघणार? मला नात नीट बघायची आहे."

"टीव्हीवर दाखवतो," रेणुकादास म्हणाले. "मी बघतो काय ते."

ही दोन वाक्यं उच्चारताना त्यांच्या आवाजात इतका आत्मविश्वास होता की सौदामिनीबाईंना पायपुसण्याचे चार महिने आठवले.

टीव्ही बत्तीस इंची, नऊ वर्षांचा, केबलवर चालणारा. मोबाईलवरचं चित्र त्यावर पाठवायचं तर टीव्हीला वायफाय हवं, आणि ते नसेल तर पेनड्राइव्हच्या भोकात बसेल असा बिनतारी अडॅप्टर हवा, एवढी माहिती रेणुकादासांनी दोन दिवसांत मिळवली आणि नस्तीच्या पहिल्या पानावर नोंदवली. कॉलनीलाही ती लगेच मिळाली. त्यानंतर आठवडाभर त्यांच्या ओट्यावर सल्ल्यांची रांग लागली. एकाने नवाच टीव्ही घ्या म्हणून सांगितलं. दुसऱ्याने अडॅप्टर घ्या पण उंच जागी लावा, त्याला वारा लागला पाहिजे, असं बजावलं. रविकिरण नावाचे समोरचे विमा एजंट अडॅप्टरबद्दल बोलता बोलता टीव्हीच्या विम्यावर आले आणि तिथून हलेनात. रेणुकादासांनी सगळ्यांचे अभिप्राय तारीखवार लिहून घेतले.

शेजारचे सटवाजी हे एसटीचे निवृत्त कंडक्टर, मूळचे किनवटकडचे. त्यांचा सल्ला सगळ्यांत लहान होता.

"साहेब, ते रिमोट घ्या आन् आतमंदी वायफाय हाय का न्हाई, एकदा दाबून तर बघा."

रेणुकादास हसले. रिमोटवर प्लास्टिकचं कव्हर होतं, आणि त्यावरचं 'मेनू' हे बटण त्यांनी जखमेवर लावायच्या पट्टीने कायमचं बंद केलं होतं. मनस्विनी कॉलेजात असताना तिने ते एकदा दाबलं आणि पुढे आठवडाभर बातम्या देणारी माणसं हिरवीगार दिसत होती. तेव्हापासून त्या बटणाला हात लावायला घरात मनाई होती. यंत्राच्या अंतरंगात शिरण्यापूर्वी कागदपत्रं बघायची असतात, असं त्यांनी सटवाजींना समजावून सांगितलं. सटवाजी मान डोलावत 'हाव' म्हणाले आणि तंबाखू मळत बसले. सटवाजींचा अभिप्राय नस्तीत घेतला गेला नाही.

गंजगोलाईच्या बाजाराजवळच्या शिवशंकरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात रेणुकादास पोचले तेव्हा शिवशंकरने पहिलाच प्रश्न विचारला, टीव्हीचा मॉडेल नंबर काय. अडॅप्टर काय, शंभर प्रकारचे येतात. कुठला कुठल्या टीव्हीला चालतो ते नंबरावरून ठरतं. प्रश्न योग्य होता आणि रेणुकादासांना योग्य प्रश्न विचारणारी माणसं आवडत. टीव्हीच्या खरेदीची नस्ती हमीची मुदत संपताच नियमाप्रमाणे नष्ट झाली होती, म्हणून ते तसेच परत आले आणि टॉर्च, भिंग आणि वही घेऊन टीव्हीच्या मागे शिरले.

मागे पांढरं लेबल होतं. नंबरही होता. पण त्याच्या शेवटच्या आकड्यावर हळद-कुंकवाचा चांगला रुपयाएवढा थर बसला होता.

आता याचा उगम सांगायला हवा. दर खंडेनवमीला सौदामिनीबाई घरातल्या सगळ्या यंत्रांना हळद-कुंकू लावत. शिलाई मशीन, मिक्सर, स्कूटर, गिरणी. टीव्ही आला त्या पहिल्या वर्षी त्यांनी पडद्यावर मधोमध बोट टेकवलं आणि रेणुकादासांनी लेखी आदेश काढला: 'पडद्यावर कुंकू लावण्यास मनाई करण्यात येत आहे.' सौदामिनीबाईंनी आदेश पाळला. पण घरातल्या एका यंत्राला उपाशी ठेवायचं त्यांना पटेना. म्हणून त्या दरवर्षी टीव्हीच्या मागे हात घालून कुंकू लावू लागल्या. मागे सगळं काळं, कुंकू दिसणार कुठे? पांढरी जागा तेवढी लेबलची. अशी आठ खंडेनवम्यांची पूजा त्या आकड्यावर बसली होती आणि टीव्हीच्या उबेने ती पक्की झाली होती.

रेणुकादासांनी खिशातली दस्ती ओली करून फिरवली. कुंकू निघालं नाही, फक्त पसरलं. भिंग लावून त्यांनी बराच वेळ निरीक्षण केलं आणि उजवीकडच्या दोन अर्धवट वळणांवरून निर्णय दिला की आकडा तीन आहे.

सौदामिनीबाईंनी चष्मा लावून डोकावलं. "आठ वाटतो हो."

"तीन आहे."

"डावीकडं पण वळण असेल की, कुंकवाखाली."

"जे दिसत नाही त्याची नोंद घेता येत नाही," रेणुकादास म्हणाले आणि वहीत तीन लिहिलं. तरीही पद्धत म्हणून त्यांनी पान चारवर 'सौ. यांच्या मते आठ' असं बारीक अक्षरात नमूद केलं. नस्तीत काही लपवायचं नसतं, हा त्यांचा बाणा होता. पुढे त्याच पानावर त्यांना परत यावं लागलं.

तीन आकड्याच्या टीव्हीत वायफाय नसतं, हे शिवशंकरने मोबाईलवर शोधून सांगितलं आणि एक अडॅप्टर दिला. नखाएवढा. रेणुकादासांनी तो घरी आणून, मुहूर्त बघितल्यासारखं दोन्ही हातांनी टीव्हीत बसवला. पडद्यावर अक्षरं उमटली की हे उपकरण ओळखता येत नाही. पाच वेळा काढून पाच वेळा बसवला. टीव्हीने पाचही वेळा ओळख दिली नाही. शिवशंकरने बदलून दुसरा दिला, दोन शिंगं असलेला. त्यालाही टीव्हीने ओळखलं नाही. सटवाजी खुर्चीवर बसून हे बघत होते. ते म्हणाले की शिंगंवाला बरा दिसून राहिला, पण टीव्हीची मर्जी न्हाई. मग शिवशंकर म्हणाला, काका, आता कंपनीचाच अडॅप्टर मागवा, तीन आकड्यासाठी खास येतो. तो मागवला. आठ दिवसांनी जाडजूड खोक्यातून आला. त्यालाही टीव्ही तेच म्हणाला.

बारसं आता चार दिवसांवर आलं होतं. सौदामिनीबाईंनी पाळण्याला नवी झालर शिवली, कुंची शिवली, पंधरा घरी निरोप गेले. प्रत्येकीला त्या सांगत होत्या की मोठ्या पडद्यावर दिसणार आहे, यांनी सगळी व्यवस्था केली आहे. हे 'यांनी' ऐकलं की रेणुकादास कॅलेंडर बघायला उठत. तीन अडॅप्टर टेबलावर ओळीने पडलेले असत आणि जेवताना सौदामिनीबाई तिकडे बघण्याचं टाळत. बायकोने आपल्याला सांभाळून घ्यावं, ही गोष्ट त्यांना सगळ्यांत जास्त लागली.

त्यांनी कंपनीच्या तक्रार क्रमांकावर फोन केला. मराठीसाठी तीन दाबा, टीव्हीसाठी दोन दाबा, मग वीस मिनिटं बासरी. शेवटी एक मुलगी बोलली. तिने नंबर घेतला आणि सांगितलं की त्यांनी दिलेला नंबर कंपनीकडच्या खरेदीच्या नोंदीत सापडत नाही, लेबलचा फोटो पाठवा. त्यांनी पाठवला. थोड्या वेळाने तिचाच फोन आला. ती घाबरत म्हणाली, "सर, कोणाला लागलंय का? लेबलवर रक्त दिसतंय."

कुंकू आहे, हे त्यांनी समजावून सांगितलं. तिने मग सांगितलं की अशा परिस्थितीत टीव्ही प्रत्यक्ष दाखवावा लागेल. लातूरचं सेवा केंद्र बंद झालेलं, जवळचं नांदेडला. माणूस घरी यायला आठ दिवस लागतील. रेणुकादासांनी कॅलेंडर बघितलं आणि शुक्रवारी सकाळी टीव्ही गोधडीत गुंडाळला.

सोबत सटवाजी आले. एसटीतून अवजड सामान नेण्याचे नियम या पंचक्रोशीत त्यांच्याएवढे कुणालाच ठाऊक नव्हते, आणि ते नियम कसे वाकतात हेही. कंडक्टरने गोधडीकडे बोट दाखवून हे काय म्हणून विचारलं. सटवाजींनी त्याला बाजूला घेतलं, कुठल्या डेपोचा, साहेब कोण, असं विचारलं आणि टीव्हीला मागचं तिघांचं बाक मिळालं. मध्ये टीव्ही, एका बाजूला रेणुकादास, दुसऱ्या बाजूला सटवाजी, आणि मांडीवरच्या पिशवीत रिमोट, तीन अडॅप्टर आणि नस्ती.

अहमदपूरपर्यंत सगळं सुरळीत चाललं. पुढे रस्त्याच्या कामामुळे गाडी अशी उसळू लागली की गोधडीची गाठ सैल झाली आणि टीव्हीची मागची बाजू उघडी पडली. काळी पाठ आणि तिच्यावर तो हळद-कुंकवाचा मळवट. पुढच्या बाकावरच्या लुगड्यातल्या आजीबाई वळल्या, त्यांनी बघितलं आणि डोक्यावर पदर घेऊन हात जोडले.

"कुठल्या ठाण्याची देवी म्हणायची?" त्यांनी विचारलं.

रेणुकादासांनी खरं सांगण्यासाठी तोंड उघडलं, तोवर सटवाजी बोलून गेले. "नांदेडला घेऊन चाललो, मावशे. तिथं गेल्यावर कळंल कुठली हाय ते."

शब्दशः बघितलं तर यात खोटं काही नव्हतं. आजीबाईंनी मोगऱ्याचं फूल वाहिलं. मग गाडीत कुजबुज झाली, एकेक जण येऊन नमस्कार करून गेला. लोह्यात चढलेल्या गर्दीने बाकाजवळ धक्काबुक्की केली नाही. कंडक्टरही पाया पडला, आणि बहुधा सामानाचं तिकीट फाडलं नाही याचं त्याला समाधान वाटलं असावं. ज्यांनी छत्तीस वर्षं एकही खोटी नोंद केली नाही ते रेणुकादास देवीशेजारी ताठ बसून, समोर बघत, नांदेड कधी येतं याची वाट बघत होते. एका बाईने त्यांच्याही पायाला हात लावला तेव्हा त्यांनी पाय बाकाखाली ओढून घेतले.

नांदेडच्या सेवा केंद्रात काउंटरवर तनुजा नावाची मुलगी होती. रेणुकादासांनी नस्ती तिच्यासमोर ठेवली, पृष्ठ एकपासून विषय समजावायला सुरुवात केली, तक्ता दाखवला, तिन्ही अडॅप्टर ओळीने मांडले. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग टीव्हीची वायर बोर्डात खोचली, रिमोट मागितला, कव्हर काढलं, पट्टी नखाने सोलली आणि मेनूचं बटण दाबलं.

"मॉडेल नंबर इथंच दिसतो, काका," ती म्हणाली. "आठ आहे. आणि याच्यात वायफाय आतच आहे. म्हणून तर बाहेरचा अडॅप्टर घेत नाही तो."

तिने आणखी दोन बटणं दाबली, सटवाजींचा मोबाईल मागून घेतला, आणि पडद्यावर सटवाजींच्या म्हशीचा फोटो दिसला. बत्तीस इंचांवर म्हैस चांगलीच भरली. केंद्रात बसलेल्या दोघा-तिघांनी माना वळवून बघितलं.

रेणुकादासांनी नस्तीतला तक्ता पुन्हा उघडला. नऊ वर्षं ज्या वस्तूसमोर बसून त्यांनी बातम्या बघितल्या, तिच्या पोटात ते सगळं होतं. तुलनात्मक तक्त्यात ते कुठेच नव्हतं. सवय म्हणून त्यांनी लेखी मागितलं. तनुजाने छापील कागद दिला. तक्रारीच्या रकान्यात 'अडॅप्टर चालत नाही' आणि खाली ठळक अक्षरांत: 'टीव्हीत दोष आढळला नाही.' दोष टीव्हीत नाही म्हटल्यावर तो कुठे आहे, हे सांगायला कागदावर रकाना नव्हता. तरीही रेणुकादासांनी तो कागद दोनदा वाचला.

परतीच्या गाडीत सटवाजींनी लोह्यापर्यंत तंबाखू मळली. मग म्हणाले, "साहेब, म्या पैल्या दिवशी काय म्हणलो होतो, ते म्या कुणाला सांगणार न्हाई. बिलकुल फिकीर करू नका."

हे ऐकून रेणुकादासांना जास्तच वाईट वाटलं. त्यांनी ही नस्ती 'ड' वर्गात टाकायची ठरवलं आणि मुखपृष्ठावर 'ड' लिहूनही टाकलं. कचेरीत 'ड' वर्गाची कागदपत्रं वर्षभरात नष्ट करतात. 'अ' वर्गाची कायम जपतात. या नस्तीला तर वर्षही नको, बारसं झालं की बंबात.

संध्याकाळी घरी टीव्ही जागेवर बसला. सौदामिनीबाई दारातच उभ्या होत्या.  "यंत्रणा सुरू झाली आहे," रेणुकादास म्हणाले. कोणता अडॅप्टर बसवला, असं सौदामिनीबाईंनी विचारलं. "आतला," ते म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले. सौदामिनीबाईंनी टेबलावरची नस्ती उघडली तेव्हा पान चारवर, बारीक अक्षरात नोंदलेल्या त्यांच्या मताशेजारी, नवी शाई होती. 'हे मत बरोबर होते. दुर्लक्ष केल्याबद्दल खेद आहे. रे. नळगीरकर.' चौतीस वर्षांच्या संसारात अशी नोंद पहिल्यांदाच झाली होती. त्यांनी ती दोनदा वाचली आणि त्या दिवशी पिठल्यात फोडणी जरा सढळ हाताने घातली.

रविवारी साडेतीनपासून दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. टीव्हीसमोर पाळणा टांगला होता. पाळण्यात, रीतीप्रमाणे, कुंची घातलेला वरवंटा. घुगऱ्यांचा वास सुटला होता. रेणुकादासांनी मोबाईल हातात घेऊन बटण दाबलं. दोन क्षण पडदा काळा राहिला, आणि त्या दोन क्षणांत त्यांना छत्तीस वर्षांची नोकरी आठवली. मग पडद्यावर मनस्विनी आली, केसांत गजरा, मांडीवर मूल.

बायका एकदम गलका करून थांबल्या. इकडे वरवंटा पाळण्याखालून वर गेला, 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या', तिकडे जर्मनीत लाकडी पाळण्यातून बाळ त्याच तालावर फिरलं. तिकडे बाळाच्या आत्याने कानात नाव सांगितलं, मग मोठ्याने सांगितलं: गौतमी. सौदामिनीबाईंनी पाळणा म्हटला. तिसऱ्या कडव्यात त्या अडखळल्या, तेव्हा शेजारणींनी ते कडवं उचलून धरलं. मनस्विनी तिकडे पदराने डोळे पुसत होती.

"आई, बघ," ती म्हणाली आणि मोबाईल बाळाच्या अगदी जवळ नेला. सगळा पडदा त्या तोंडाने भरून गेला. डाव्या गालावर खळी होती. ओरखडा नव्हता.

सौदामिनीबाई कुंकवाची कोयरी घेऊन उठल्या. गुडघा धरत टीव्हीपाशी गेल्या, बोट कुंकवात बुडवलं आणि थांबल्या. त्यांनी मागे वळून नवऱ्याकडे बघितलं. नऊ वर्षांचा आदेश त्या विसरल्या नव्हत्या.

 रेणुकादास म्हणाले, "लाव."

सौदामिनीबाईंनी बाळाच्या कपाळावर, म्हणजे पडद्याच्या मधोमध, बोट टेकवलं. मग एकेक बाई उठली. पंधरा जणी. बाळ मधेच हललं, त्यामुळे कुणाचं कुंकू कपाळी लागलं, कुणाचं हनुवटीला, कुणाचं नुसतंच जर्मनीच्या भिंतीला.

सोमवारी सकाळी सटवाजी बातम्या बघायला आले. हवामानाचा अंदाज सांगणाऱ्या गृहस्थाच्या दोन्ही गालांवर, नाकावर आणि सगळ्या मराठवाड्याच्या नकाशावर कुंकवाचे ठिपके होते. सटवाजींनी खिशातून दस्ती काढली आणि पुसू का म्हणून विचारलं.

"हात लावू नका," रेणुकादास म्हणाले.

ते टेबलाशी बसले होते. नस्तीच्या शेवटच्या पानावर त्यांनी लिहिलं: 'पडद्यावर कुंकू लावण्यास मनाई करणारा आदेश रद्द करण्यात येत आहे.' मग मुखपृष्ठावरचा 'ड' खोडून त्यांनी त्याजागी 'अ' लिहिलं, आणि नस्ती कायम जपायच्या कपाटात ठेवली.